जर-तर

अण्णांना जर-तर खपत नसे.
जर-तरचं सांगू नका, म्हणायचे,
झालं ते बोला.
त्याच घरात, साठी उलटल्यावर,
चौथ्या मजल्यावरच्या इरावतीकडून
मी मोबाइलवर जर आणि तर शिकते आहे.

दोनच चौकोन असतात, मावशी.
वरच्यात जर, खालच्यात तर.
मधे काही नाही.

आमच्या वेळी मधे मी असायचे,
प्रभादेवीच्या एक्स्चेंजमध्ये, हेडफोन लावून.
कुणी साताऱ्याला ट्रंककॉल मागितला
तर सातारा द्यायचे,
आणि पलीकडून रडण्याचा आवाज आला
की तीन मिनिटं जरा लांबवायचे.
हे तिला सांगितलं नाही.

पहिला नियम पाण्याचा.
पावणेपाच वाजले, तर मोटर.
पहाटे मोटर कोरडीच घुरघुरली.
त्या दिवशी पाणीकपात होती,
पेपरात पाचव्या पानावर आलेलं,
सगळ्या बिल्डिंगला ठाऊक,
प्लगला कुणी कळवलं नव्हतं.
अट वाढवा, इरावती म्हणाली.
मंगळवार वगळला.

दुसरा तिन्हीसांजेचा.
यादीत सूर्यास्त होता, तिन्हीसांज नव्हती.
बरं, सूर्यास्त तर सूर्यास्त,
आणि दिवा लागेपर्यंत अंधारात चष्मा चाचपत बसले.
समोर पस्तीस मजले उभे राहिल्यापासून
टिळकनगरात सूर्य मावळतो साडेसहाला,
आमच्या खोलीत पावणेसहाला.
वजा पंचेचाळीस मिनिटं, असं टाकलं.
बिल्डरने नेलेला पाऊण तास
एका रकान्यात मावला.

तू काय दिवे लावणार, अण्णांनी विचारलं होतं मॅट्रिकला.
हॉलमधला लावला, अण्णा. पॅसेजमधला. बाल्कनीतला.
देव्हाऱ्यातला अजून काडीनेच.

तिसरा नियम मी एकटीने केला.
हेमू, माझा धाकटा, कार्गोत रात्रपाळीला.
एकतीस वर्षं तीनला दहा कमी असताना उठायचं,
पॅसेजचा दिवा लावायचा,
त्याला किल्ली दिसावी म्हणून.
त्याने कधी सांगितलं नाही, मी कधी विचारलं नाही.
तो आत यायचा, हं म्हणायचा,
मीही हं म्हणून आडवी व्हायचे.

आता, हेमूचा मोबाइल फाटकापाशी आला
तर पॅसेजचा दिवा, चाळीस टक्के.

तीनला दहा कमी, जाग आलीच.
पडून राहिले.
दाराखालच्या फटीत आपोआप पिवळी रेघ उमटली.
किल्ली फिरली. पावलं आत आली आणि थांबली.
ताई?
दिव्याला विचारलं त्याने.
मग हळूच, झोपली वाटतं,
आणि चपला हातात घेऊन तो
स्वयंपाकघराकडे गेला,
डब्याचं झाकण आवाज न करता उघडायला
त्याला किती वेळ लागला ते मी मोजलं.
एवढा वेळ त्याने कधी घेतला नव्हता.
ओरडून सांगावंसं वाटलं, आमटी फ्रीजमध्ये आहे रे.
श्वास धरून पडून राहिले.

सकाळी जिन्यात इरावती भेटली.
चाललं का, मावशी?
चाललं, म्हटलं.
एक अट राहिलीय फक्त,
कुठल्या चौकोनात घालायची
ते कळत नाही.