डाव्या पायाचा मोजा

केमीच्या शाळेत बूट दाराशीच काढायचे असतात.
हे मला कोणी सांगितलं नव्हतं.
माझा अंगठा मोज्यातून बाहेर डोकावत होता,
वर्गातल्या सतरा जणांनी आधी त्याला पाहिलं,
मला नंतर.
सायमीही हसली होती.
तोंडावर हात ठेवून, पण हसली होती.

कोर्पेला बाई हजेरीत म्हणतात, रिकात.
फिनिश जिभेला ग फारसा मानवत नाही.
घरी आई म्हणते, रिगात.
मी तो ग रोज सकाळी कोटाबरोबर
शाळेच्या खुंटीला टांगते
आणि तीन वाजता अंधार पडला
की पुन्हा अंगात घालते.

जानेवारीत मैदानावर पाणी सोडतात.
एका रात्रीत त्याची काच होते.
सगळे त्या काचेवरून पाकोळ्यांसारखे सुटले,
मी कडेच्या फळीला घोरपडीसारखी चिकटून.
पडले. पुन्हा पडले.
तिसऱ्यांदा उठलेच नाही.

सायमी आली.
लागलं का, असं विचारलं नाही,
हातही पुढे केला नाही.
नुसती शेजारी बसली, बर्फावर, मुद्दाम.
बराच वेळ आम्ही दोघी
आपापल्या तोंडातून निघणारी वाफ बघत राहिलो.
इथली माणसं अशीही बोलतात,
हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

मग तिनं डाव्या पायाचा बूट सोडला,
मोजा काढला,
करडा, लाल पट्टीचा, आत्यानं विणलेला,
अजून तिच्या पायानं गरम.
"घे. मी हसले होते."
एवढंच.

खरं सांगू? लगेच माफ नाही केलं.
मोजा मात्र घेतला.
मोठा होता, टाच पार घोट्यावर आली.

आता शनिवारी ती आमच्याकडे येते.
आई कॉफीचे दाणे भाजते, आम्हाला लाह्या फोडून देते,
आणि सायमी माझ्या नावाचा सराव करते:
रिक्... रिख्... रिग्ग्गात!
गुळणी करणाऱ्या माणसासारखी दिसते ती तेव्हा.
मी त्यांच्या भाषेतली 'रात्र' म्हणायला ओठ पुढे काढते,
तेव्हा आई म्हणते, अगदी आजोबांचा उंट.

परवा कोर्पेला बाईंनी आमच्या पायांकडे पाहिलं.
एक करडा, एक निळा.
एक निळा, एक करडा.
हे काय, म्हणाल्या.

आम्ही दोघी गप्प राहिलो,
अगदी अस्खलित.