समोरची वाक्यं

बरबँकमध्ये, गाद्यांच्या दुकानाच्या वर,
दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत मी वाचते.
एवढंच काम. निवडीला येणाऱ्या बायकांसमोर
नायकाची वाक्यं वाचायची,
कॅमेऱ्याच्या डावीकडं बसून, सपाट.
जीव ओतायचा नाही, वेंडलनं पहिल्याच दिवशी बजावलं,
तुझ्याकडं कुणाचं लक्ष जाता कामा नये.
ते मला आधीपासूनच येत होतं.

एकोणीस वर्षांत मी शेकडो जणींना म्हटलंय,
"तुझ्याशिवाय मी जगू शकत नाही,"
दर बारा मिनिटांनी, मध्ये पाण्याचा घोट.
नायक पुष्कळदा तोच असतो.
तो चाळिशीचा होता तेव्हा त्याची बायको सत्तावीसची.
तो पन्नाशीचा झाला, बायको सत्तावीसची.
गेल्या हिवाळ्यात त्याचा गुडघा बदलला
आणि मंगळवारी बाहेरच्या बाकावर
सत्तावीस वर्षांच्या अकरा मुली बसल्या होत्या,
एकीच्या बुटाला जॅकरँडाचं फूल चिकटलेलं.

आज आईचा दिवस.
कागदावर लिहिलंय: आई. थकलेली, पण उबदार.
वाक्यं चार. बाविसाव्या पानावर मरते.

डीड्रा कॉलवे आली. चष्मा हातात, डोळ्यांवर नाही.
हिला मी ओळखते. भिंत हिरवी होती तेव्हा,
माझ्या पहिल्याच महिन्यात,
हिलाही म्हटलं होतं मी, तुझ्याशिवाय वगैरे,
आणि ती भूमिका हिलाच मिळाली होती.
पोस्टरवर त्याच्या खांद्याआडून दिसायची,
अर्धी.

आता एक कोडं घाला कुणाला तरी:
आईच्या आधी तेरा वर्षं
जन्मला लेक. सांगा कुणाच्या पोटी?
ह्या खोलीत त्याचं उत्तर कुणी मागत नाही.
पार्किंगची पावती मागतात.

त्याची पन्नाशी भरली, तेव्हा मालिबूला मेजवानी झाली.
तिची भरायला अजून चार वर्षं आहेत
पण बायकांची भरत नाही, उलटते,
घाटात ट्रक उलटावा तशी,
आणि लोक थांबून बघतात.
वय चोरते ती, वेंडल हसून सांगतो.
काय गेलं, कुणाच्या घरी सापडलं,
ह्याचा पंचनामा झालेला नाही.

तिनं पहिली तीन वाक्यं म्हटली.
चौथं होतं, "जेवलास का रे?"
ते तिनं असं विचारलं
की माझ्या हातातला कागद थोडा खाली आला.
"आई, झोप आता," मी वाचलं. सपाट.
पुढं कागदावर फक्त सूचना: ती डोळे मिटते.

तिनं डोळे मिटले नाहीत.
कॅमेऱ्याकडं नाही, माझ्याकडं बघत राहिली.
खाली गाद्यांचा ट्रक मागं येत होता, पीं पीं पीं,
कायलीनं टॅबलेटवरचं बोट उचललं,
वेंडल खुर्चीत सरकला,
आणि माझी वाक्यं संपली होती.

कुठून आलं ठाऊक नाही. मी म्हटलं,
"तुझ्याशिवाय मी जगू शकत नाही."
सपाट नव्हतं ते.
एकोणीस वर्षांत पहिल्यांदा माझा आवाज त्या खोलीत
मलाच ऐकू आला, जरा घोगरा, साठीचा, बाईचा.

डीड्रा म्हणाली, "मग नको जगूस."
जुन्या कागदावर हे नव्हतं.
तिथं तिनं रडायचं होतं.

आम्ही दोघी हसलो. फार नाही.
वेंडलनं आभार मानले, सगळ्यांचे मानतो तसे.
कायलीच्या पडद्यावर मला वाचता आलं,
वाचणं हेच तर माझं काम:
आई म्हणून जरा जास्तच जिवंत.

जिन्यात पोचल्यावर तिनं चष्मा घातला,
पायऱ्या मोजल्यासारख्या उतरली.
मी पाणी प्यायले. कागद सरळ केला.
पुढची आई एकेचाळीसची होती.