परत गेलेल्यांची वही

नैरोबीहून मेहुणा आला, ओबिएरो,
चकचकीत बुटांनी दुकानाची मापं घेत फिरला.
दुकान म्हणजे काय:
किसुमूच्या बाजारामागे चार पत्रे,
आंब्याच्या फांदीला टांगलेल्या तीन रिमा,
रॉकेलच्या डब्यात भिजणारे छर्रे,
आणि साखळीने बांधलेला हवेचा पंप
(दोनदा चोरीला गेलाय).

"कर्ज काढ," म्हणाला, "फलक लाव,
दुसरं दुकान बसथांब्यापाशी टाक.
आणि हवा फुकट देणं आधी बंद कर."
मी मान हलवली.
मान हलवायला पैसे पडत नाहीत.

रात्री गल्ला मोजत बसलो, तीच ती नाणी.
आपोंदी, माझी मधली, गणिताच्या वहीची
कोरी पानं शिवत होती. म्हणाली,
"गल्ला आलेल्यांचं सांगतो, बाबा.
परत गेले त्यांचं कोण लिहितं?"

मग लिहू लागलो. म्हणजे मी सांगायचो, ती लिहायची,
आणि मी सांगत नसे तेही लिहायची.

सोमवार. दूधवाला, पहाटे पाच. दुकान बंद.
मंगळवार. मासळीवाली अविती. टोपलीसाठी कॅरिअर रुंद हवं.
वेल्डिंग नाही. पुलापलीकडे गेली.
मंगळवार, संध्याकाळ. तीच अविती. इकडे पाहिलंही नाही.
बुधवार. शाळेचा पोरगा. वीस शिलिंग कमी. सायकल ढकलत नेली.
गुरुवार. म्हातारी, उन्हात उभी. बसायला काही नाही.
शुक्रवार. दोघे. बाबा निवडणुकीवरून भांडत होते.

वाचताना कानशिलं तापली.
इतकी वर्षं मी सांगत आलो, धंदा बसला
तो मोटारसायकलींमुळे.
अख्ख्या वहीत मोटारसायकलीचं नाव
एकदाही नव्हतं.

आधी बाक केला. जुन्या होडीची फळी,
पाऊस नसतानाही तिला सरोवराचा वास येतो.
मग पहाटे पाचला उघडू लागलो.
दूधवाला पहिल्या दिवशी आला नाही. दुसऱ्याही.
बायकोने मला काय काय म्हटलं ते वहीत नाही.
चौथ्या दिवशी आला, जणू रोजच येतो.
बोहनी: एक स्पोक.

वेल्डिंगचं यंत्र परवडायचं नाही.
पण मागच्या गल्लीत फाटकं करणारा ओगुटू आहे,
त्याला म्हटलं, आग तुझी, गिऱ्हाईक माझं.
तो तासभर घासाघीस करून हो म्हणाला.
अविती आता रुंद कॅरिअरवरून दोन टोपल्या नेते
आणि मजुरी महाग म्हणून मलाच शिव्या देते.
पोराने वीसातले सोळा आणून दिले.
चार अजून गावात फिरताहेत.

हवा फुकटच आहे.
ओबिएरोने फोनवर विचारलं, का?
सांगितलं, हवा भरायला वाकलेल्या माणसाला
स्वतःच्या चेनची कुरकुर ऐकू येते.
पटलं असावं त्याला. मला पूर्ण पटलेलं नाही.
कदाचित हवेचे पैसे मागायला
माझी जीभच रेटत नसेल.

काल मागची पानं चाळली,
तेलाच्या डागाखाली एक ओळ सापडली,
मी न सांगितलेली:

शनिवार. आपोंदी. चाकाचा आऊट काढायला शिकवा म्हणाली.
"नंतर बघू." तिसऱ्यांदा.

आज चाक स्टँडवर आहे.
बाकावर गिऱ्हाईक, त्याचं चाक, त्याची घाई.
आपोंदीने स्पोकला चावी लावली, जोरात पिळली,
चाक होतं त्याहून वाकडं झालं.
माझे हात पुढे गेले. मी ते मागे घेतले,
पाठीशी एकमेकांत अडकवून ठेवले.

"अर्धा आटा," म्हटलं,
"अर्धाच. आणि आता फिरवून बघ."