चौदा फूट, भिंतीलगत

सूरमध्ये घर मिळालं, त्याला कुंपणाची भिंत होती
आणि भिंतीलगत चौदा फूट माती.
माती आपलं म्हणायचं. चाळून पाहिली
तर शिंपल्यांचा चुरा, एक गंजका खिळा,
कुणाच्या तरी पोराची निळी गोटी.

मी समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्लांटवर आहे.
दिवसभर मीठ मोजते.
म्हणून झाडं मीच निवडायची, असं घरात ठरलं,
आणि तीन वर्षांत मी तीन अनंत मारले.
आधी पान पिवळं, शिरा तेवढ्या हिरव्या,
मग शिराही.
दिगंबर म्हणाला, नुसतं नाव अनंत असून भागत नाही.

नर्सरीतला तोफज्जुल, नोआखालीचा,
हातातला पाइप चालू ठेवूनच मला फिरवतो.
"कनेर लो मॅडम. इसको कुछ नहीं होता."
खरंच. महामार्गाच्या मधोमध, धुरात, झळांत
कण्हेर गुलाबी उभी आहे अर्ध्या अरबस्तानात.
बकऱ्यासुद्धा तिला तोंड लावत नाहीत.
पण शेजारच्या उम्म खल्फानची करडं नवी आहेत,
त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही.

बोगनवेल?
"पानी बंद करो, तब फूल देगा."
असेल खरं. माणसांबद्दलही म्हणतात तसं;
म्हणणारे बहुधा पाण्यापाशी बसलेले असतात.

टेकोमा पिवळा, आमच्या शिफ्टच्या जाकिटासारखा. नको.
जास्वंदीचे पिठ्या ढेकूण मी मागे
जूनभर टूथब्रशने घासत बसले होते.
आणि एका कुंडीत चक्क घाणेरी, दीड रियाल!
जुन्नरला बांधावर जिला कुऱ्हाडीने तोडतात, ती.
सासऱ्यांना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं:
हिला पासपोर्ट कुणी काढून दिला?

मग तोफज्जुलने विचारलं, तोवर कुणीच न विचारलेलं:
"मॅडम, बगीचा देखती कब हो?"

कधी?
सकाळी साडेपाचला बस.
दुपारी पडदे बंद, त्यांना मागून चांदीचा कागद.
उन्हाळ्यात दार उघडलं की चष्म्यावर वाफ धरते.
आम्ही बसतो ते इशाच्या अजाननंतर,
ओटा अजून तव्यासारखा, पाय वर घेऊन,
दिवा न लावता, दिव्याला पाखरं येतात म्हणून.
अंधारात सगळे रंग एकाच पगारावर.

म्हणजे पांढरं हवं. आणि वास हवा.
कुंतीची दोन रोपं घेतली.
"ये मीठा पानी मांगता है," तो म्हणाला.
मीठा.
मला अजून त्यात आधी मीठच ऐकू येतं.

एसीच्या नळीखाली बादली ठेवली.
ऑगस्टच्या एका रात्रीत ती भरून वर सांडते.
एकदा बाटलीत भरून ते पाणी कामावर नेलं,
कुणाचं लक्ष नाही बघून मीटर बुडवला.
जवळजवळ शून्य.
एवढी यंत्रं गरगरवून आम्ही जे करतो
ते आमच्याच बेडरूमच्या खिडकीखाली
थेंब थेंब पडत होतं, तीन वर्षं, फरशीवर.
अनंत मेले ते तिथून चार हातांवर.

परवा कुंती फुलली. एकदम, सगळी,
सांगून न आलेल्या पाहुण्यांसारखी.
भिंतीपलीकडून उम्म खल्फानने काहीतरी विचारलं,
मला "मो हादा" एवढंच कळलं.
एक डहाळी तोडून दिली.
तिने ती नाकाशी नेईपर्यंत
करडाने खालून दोन पानं ओढली होती.

अजून नऊ फूट रिकामे आहेत.
डिसेंबरात एसी बंद होतील, मग बादलीत काय,
याचा हिशेब लागत नाही.
दिगंबर म्हणतो, आता चौथा अनंत आणू.