छतावरचे तेरा तुकडे

कोटा भारूच्या बाहेर, आमच्या तंत्रशाळेच्या छतावर
एक लोखंडी चौकट आहे, आभाळाकडे तोंड करून कललेली.
तिच्यात बारा तुकडे ताणून बांधलेत,
काळे, तळहाताएवढे.
तेरावा खाली कपाटात, काळ्या कागदात.
काहीही न होऊ देणं
एवढंच त्याचं काम.

रबरात लोखंडाची भुकटी कालवलेली,
पिठाहून बारीक.
एरवी मऊ.
चुंबक जवळ आला की अंग आखडून ताठ होतं,
चुंबक गेला की पुन्हा सैल.
डॉक्टर हसनुद्दीन त्याला शहाणं रबर म्हणतात.
भूकंपाच्या मुलखात पुलांखाली घालायचंय.
मला म्हणाले, रोस्लावाती,
शहाणपण उघड्यावर किती दिवस टिकतं, तेवढं बघ.
आणि वही दिली.

सोमवार : ऊन.
मंगळवार : ऊन. तीनला पाऊस. साडेतीनला ऊन.
बुधवार : मंगळवारसारखाच.
(इथे कुणी कुणापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत
असं म्हणायची सोय नाही.
आठवड्यात चार होतात.)

नवव्या दिवशी चकाकी गेली.
चौदाव्याला रात्रभर वारा. सातवा तुकडा सुटला, सापडला नाही.
सोळाव्याला बोटाला राखट भुकटी लागली.
बाविसाव्या दिवशी भिंगातून दिसली
पहिली भेग, केसाएवढी,
मग तिच्या शेजारी दुसरी, मग मोजता येईनात,
सगळ्या ताणाला आडव्या,
आणि एकीच्या तळाशी तांबूस ठिपका :
आतल्या लोखंडाला बाहेरची हवा कळली होती.

त्या दुपारी बाबा डबा घेऊन आले.
चौतीस वर्षं त्यांनी कुआला क्रायच्या मळ्यात
डोक्याला दिवा बांधून झाडांना चिरा दिल्या.
चौकटीपाशी उकिडवे बसले,
पाचव्या तुकड्यात नख रोवून पाहिलं.
म्हणाले, माझ्या टाचेसारखा झालाय.
मी म्हटलं, बाबा, हात नका लावू, नोंद बिघडते.
हात मागे घेतला त्यांनी. मग जिना उतरताना, पाठमोरे :
रबराला ऊन कधी मानवलंय, पोरी?
ऊन चढलं की झाडसुद्धा चीक आवरून घेतं.
आम्ही काय हौसेनं चोरासारखे
पहाटे तीनला जात होतो?

हे वहीत कुठल्या रकान्यात लिहायचं
ते मला कळलं नाही.

तिसाव्या दिवशी अकरा तुकडे खाली आणले.
आधी कपाटातला ठेवला यंत्रात.
चुंबक चालू केला,
पडद्यावरची रेघ उभी राहिली,
हजेरीला नाव घेतल्यासारखी.
मग छतावरचे, एकेक.
ते आधीच ताठ होते.
चुंबक चालू केला. रेघ जराशी हलली,
झोपेत हाक ऐकून
कुणी नुसती कूस बदलावी, तशी.

ताठ असणं आणि ताठ होणं
यांतलं अंतर आलेखावर बोटभर भरतं.
डॉक्टर हसनुद्दीन बराच वेळ त्या बोटभर जागेकडे बघत होते.
मग म्हणाले, वरून लेप द्यायला हवा. सावली मिळाली तरी चालेल.
मग म्हणाले, पण पूल सावलीत बांधतं कोण?

चौकट धुवायला वर गेले तेव्हा
टाकीच्या मागे, कायम ओल्या कोपऱ्यात,
सातवा पडलेला दिसला. एका कडेला शेवाळ.
ताण नाही, ऊन नाही.
दोन बोटांत दाबला. दबला.
तो मी पर्समध्ये टाकला.

घरी फ्रिजवरचा चुंबक काढून जवळ नेला,
डुरियनच्या आकाराचा, कडेचा रंग उडालेला.
ओट्यावरून तुकडा सरसर सरकत आला.
बाबा हसले. कितीतरी दिवसांनी दात दिसले त्यांचे.

अहवालात लिहिलंय : सातवा नमुना, वाऱ्याने गहाळ.
आईच्या शिलाईयंत्राचा एक पाय
कित्येक वर्षं डुगडुगत होता.
आता डुगडुगत नाही.