दहा सेंटिमीटर

बाप गाडीत चढताना
रॉकेलचा रिकामा डबा पालथा घालतो.
डबा डुगडुगतो. मी बघत नाही असं दाखवते,
तो घाबरत नाही असं दाखवतो.
खोरिक्सासचा दवाखाना आठवड्यातून दोनदा,
म्हणजे चारदा चढणं, चारदा उतरणं,
आणि कमरेत गेल्या हिवाळ्यात बसवलेला पोलादी खुबा.

लँडक्रूझर माझ्याहून दोन वर्षांनी थोरली.
लिलावात घेतली तेव्हापासून अशीच,
टाचा उंचावून कुंपणापलीकडे बघणाऱ्या पोरासारखी.
कुणी उचलली, किती उचलली,
कागदांत अवाक्षर नाही.

टायरवर विश्वास ठेवू नये, टायर फुशारक्या मारतात.
चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत
सरळ टेप धरायची.
मागे एकसष्ट.
मग मिशनच्या आवारात गेले. पाळक गाओसेबांकडे
त्याच सालची गाडी, कंपनीतून आली तशी,
सीटवरचं प्लास्टिकसुद्धा अर्धं शाबूत.
तिथे एकावन्न.
काय मोजतेस, विल्हेल्मिने?
म्हटलं, फरक.

घरी येऊन खाली शिरले.
पाठीखाली लेंड्या, डोळ्यांत गंजाचा भुगा.
अ‍ॅक्सल आणि कमानपाटे यांच्यामध्ये
ओतीव लोखंडाचा ठोकळा. पाच.
मिशनच्या गाडीला सहा पाटे, हिला सात;
सातव्याचा गंज कोवळा, केशरी. अडीच.
शॅकल पाचानं लांब,
पण शॅकल कधी पुरतं देत नाही,
पाच वाढवा, अडीच हाती येतात.
बेरीज जुळली.
कुणाच्या तरी बढाईचा हिशेब
एवढा चोख लागलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

ठोकळ्याच्या बाजूला छिन्नीनं खोदलेलं: के. व्ही.
कोण रे तू बाबा?
उगाब नदीला वर्षातून चार दिवस पाणी,
बाकी नुसती वाळू.
त्या चार दिवसांसाठी केलंस का हे सगळं?
की कुणी तुला कधी
बुटका म्हटलं होतं?

यू-बोल्टचे नट दोन रात्री डिझेलमध्ये भिजले.
तिसऱ्या दिवशी पान्याला पाइप लावून
मी आणि अ‍ॅब्नर दोघं लोंबकळलो.
पहिला सुटला तेव्हा बंदुकीसारखा आवाज झाला,
शेजारची गाढवं पळाली.
नवे बोल्ट ओचिवारोंगोहून मागवले, आखूड;
ताणलेला बोल्ट पुन्हा लावत नाहीत.
शॉकॲब्सॉर्बरही बदलले.
लांब ठेवले असते तर पहिल्याच खड्ड्यात
तळाला आपटून फुटले असते.

बाप मोपानीखाली खुर्ची टाकून बसलेला.
तीन दिवस एक शब्द नाही.
सातव्या पाट्याला हात घातला तेव्हा म्हणाला,
तो राहू दे.
चार पिंपं पाणी मग तुझ्या पाठीवरून आणशील?

म्हणून साडेसात.
पाट्याचे अडीच त्याच्या शब्दाखातर.

शनिवारी जॅक काढला.
गाडी हळूहळू बसली,
लग्नात उभं राहून राहून थकलेली बाई
कोपऱ्यात टेकते तशी.
बापानं दाराचा खांब धरला,
आधी चांगला पाय, मग पोलादाचा,
आणि आत.
मी काही बोलले नाही. तोही नाही.
सोरिस-सोरिसचं वळण गेल्यावर म्हणाला,
आधी इथून ब्रँडबर्ग दिसायचा.
अजून दिसतो की.
माथा दिसतो, म्हणाला. पायथा दिसायचा.
साडेसात सेंटिमीटरनं कुठे डोंगर कमी होतो,
हे त्याला सांगून उपयोग नव्हता.

ठोकळे आता बकऱ्यांच्या फाटकाला टेकवलेत,
वाऱ्यानं उघडू नये म्हणून.
रॉकेलचा डबा मात्र
त्यानं स्वतः उचलून मागे टाकला.
कशाला? मी विचारलं.
दवाखान्यातली खाट
उंच आहे, म्हणाला.