कुबल, मासे

पेंटर 'ताजे मासे' लिहायला लागला
तेव्हा आबा म्हणाले, ताजे नको.
समुद्र करूळ घाटाखाली,
गगनबावड्यापर्यंत येता येता बर्फ निम्मा.
म्हणून लक्ष्मीपुरीत अजून
पाटीवर एवढंच: कुबल, मासे.

गावी बांगडे वाट्यानं विकायचे, इथं तराजू.
पहिलं वर्षभर आबा
आधी फळीवर वाटा लावायचे,
मग तो तसाच उचलून पारड्यात.
वजन काही का भरेना, पैसे वाट्याचे.

मटणाच्या रांगेतलं एखादं गिऱ्हाईक
चुकून इकडं वळायचं:
'काटं काढून देता काय वं?'
आत्या मान वर न करता
सुरमई कापत राहायची,
मनातल्या मनात मालवणीत शिव्या देत.

आता ती शिव्याही इथल्याच देते.

पुराच्या साली पाणी
भिंतीवरच्या फरशीच्या तिसऱ्या ओळीला लागलं.
फ्रीजर तरंगला. वजनं बुडाली.
आम्ही सगळे माळ्यावर,
आबा तेवढे दोन पायऱ्या खाली उतरले,
वाकून बोट बुडवलं, जिभेला लावलं.

'अळणी,' म्हणाले.
आणि किती हाका मारल्या तरी
बराच वेळ
वर येईनात.